एपिसोडचा लिखित भाग: ठिणगी नक्की कधी पडायला हवी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड जवळपास बोललो तसाच लिहून देतोय.

साताऱ्याला माझ्या मामांकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. दिवाळीच्या आधी तिचं इंजिन बांधून घेतलं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं नवीन. मिस्त्रींनी इंजिन बसवलं आणि त्यांना तातडीनं गावी जावं लागलं. डिस्ट्रिब्युटर बसवून टायमिंग लावायचं तेवढं राहिलं. मी बीटेक, तेही कॉम्प्युटरचा, पण छाती फुगवून म्हणालो, "त्यात काय, मी लावतो." स्टार्टर मारला आणि कार्बोरेटरमधून फाट्‌कन आवाज, वर जाळ! मामा शांतपणे म्हणाले, "अरे, करंट उलटा लागलाय."

झालं काय होतं ते सांगतो. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबायला, एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. मी दुसरी वेळ पकडली होती. इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागला आणि नेमकी तेव्हाच ठिणगी पडली.

पण पिस्टन बरोबर वेळी वर आला तरी ठिणगी अगदी टॉपला पाडून चालत नाही. मिश्रण एका क्षणात जळत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. आमच्या भाषेत, लेटन्सी आहे. मिनिटाला ६०० फेरे असतील तर एका मिलिसेकंदात क्रँक ३.६ अंश फिरते. ३,००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात १८ अंश. जळायचा वेळ काही त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणजे इंजिन जितकं जोरात, तितकी ठिणगी आधी हवी. हाच तो 'अ‍ॅडव्हान्स'.

सुरुवातीच्या मोटारींत हे गणित ड्रायव्हरच्या हातात होतं, शब्दशः. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी चालली, दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या. तिच्या स्टिअरिंगखाली दोन दांड्या होत्या. उजवी पेट्रोलची, डावी ठिणगीची. वेग वाढला की डावी दांडी ओढायची, चढ आला की जरा सोडायची. आणि हँडल मारून गाडी चालू करायच्या आधी ती पूर्ण मागे न्यायची. विसरलात तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडणार, इंजिन उलटं झटका देणार आणि हँडल मनगट मोडणार. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा नियम होता. ज्यांच्या घरी जुनी जीप होती त्यांना आजोबांनी हे सांगितलं असेल.

या कटकटीतून ड्रायव्हरला सोडवण्यात मोठा वाटा चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरचा. त्याआधी १९०२ मध्ये बॉशच्या गॉटलोब होनोल्ड यांनी हाय-टेन्शन मॅग्नेटो केला होता, तोही मोठा टप्पा. केटरिंगनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशी व्यवस्था बसवली आणि १९०९ मध्ये डेल्को कंपनी काढली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मागे पडलं. पुढे डिस्ट्रिब्युटरच्या आत स्प्रिंगवरची वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी पडते. मग व्हॅक्यूमचा डबा आला, तो इंजिनावरचा भार ओळखतो. सॉफ्टवेअरची एक ओळ नाही, तरी दोन सेन्सर! मला हे बघून खरंच लाज वाटली.

याच गोष्टीचं एक काळं पान आहे. ठिणगी फारच आधी पडली की सिलिंडरच्या कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आपोआप पेट घेतं, आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. इंजिन ठोकतं, असं आपण म्हणतो. कॅडिलॅक ठोकायला लागल्यावर दोष केटरिंगच्या इग्निशनवर आला. ते मानायला तयार नव्हते, त्यांना पेट्रोलवर संशय होता. त्यांचे सहकारी थॉमस मिजली शोधाला लागले आणि १९२१ मध्ये त्यांना टेट्राएथिल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये जरासं शिसं घातलं की ठोकणं बंद. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ते बनवताना पाच कामगार विषबाधेनं गेले. तरीही ते विकलं गेलं. आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल देशभर बंद व्हायला २००० साल उजाडलं. माझा जन्म त्याच्या आधीचा. शाळेत जायच्या आधी मीही तो धूर घेतलाच असणार.

तर पद्मिनी. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, इंजिन १०८९ सीसी, आणि आत केटरिंगचीच जुनी व्यवस्था: पॉइंट, कॉइल, रोटर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

दुसऱ्या दिवशी नीट केलं. एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला, मामांनी पान्यानं पुली फिरवली. हवेनं अंगठा ढकलला, म्हणजे हाच दाबायचा फेरा. खूण जुळवली, रोटर एक नंबरच्या वायरकडे केला, बाकीच्या १-३-४-२ अशा लावल्या. पॉइंटला बल्ब जोडला आणि बल्ब पेटायच्या क्षणाला डिस्ट्रिब्युटर कसला. अर्ध्या सेल्फमध्ये चालू!

शेवटचं टायमिंग मामा नेहमी कानानं लावायचे. यवतेश्वरच्या घाटात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, खडखड आली की डिस्ट्रिब्युटर केसभर मागे. पण गेल्या वर्षीपासून मामांना कमी ऐकू येतं. गाडी मी चालवली, ते शेजारी बसले. दुसऱ्या वळणावर मी म्हणालो, "मामा, ठोकतंय."

त्यांनी हात डॅशबोर्डवर टेकवला, डोळे मिटले. "हां," म्हणाले, "थांबव. पान्हा मी फिरवतो, तू ऐक."