हरता हरता बाद फेरीत! एनएफएलमधील सर्वांत दुबळा संघ कोणता?

जिंकलेल्या सामन्यांपेक्षा गमावलेले सामने अधिक, तरीही संघ बाद फेरीत दाखल आणि वर पहिला सामना घरच्या मैदानावर खेळण्याचा मानही त्याच्याच पदरात! अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत हा चमत्कार पूर्ण लांबीच्या हंगामात आजवर पाच वेळा घडला आहे. सिॲटल सीहॉक्स (२०१०), कॅरोलिना पँथर्स (२०१४), वॉशिंग्टन (२०२०), टॅम्पा बे बकनिअर्स (२०२२) आणि पुन्हा कॅरोलिना (२०२५) हे ते पाच मानकरी. यांपैकी सर्वांत दुबळा कोण, की तो मान या यादीबाहेरच्याच एखाद्या संघाचा, यावर अमेरिकेत दर हिवाळ्यात हिरिरीने वाद झडतात. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा हा खेळ आहे.

असे घडते ते स्पर्धेच्या रचनेमुळे. एनएफएलमध्ये ३२ संघ असून ते एएफसी आणि एनएफसी या दोन विभागांत विभागले आहेत. २००२ मध्ये झालेल्या फेररचनेनंतर प्रत्येक विभागात चार-चार संघांचे चार गट आहेत. गटविजेता थेट बाद फेरीत जातो, मग त्याची कामगिरी कशीही असो. उरलेल्या जागा 'वाइल्ड कार्ड' म्हणून इतरांतील सरस संघांना मिळतात. अशा जागा २०१९ पर्यंत प्रत्येक विभागात दोन होत्या, २०२० पासून तीन आहेत. चार संघांच्या छोट्या गटात चौघेही सुमार निघाले, तर त्यातल्या त्यात बरा असलेला संघ राजा ठरतो. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती हीच! फेररचनेपूर्वी गट मोठे होते आणि पूर्ण हंगामात पराभवांची संख्या जास्त असलेला एकही संघ बाद फेरीत पोहोचला नव्हता.

सिॲटलची कहाणी

२०१०च्या हंगामात एनएफसीच्या पश्चिम गटात नेमके हेच झाले. अखेरच्या सामन्यापूर्वी सिॲटलचे ६ विजय व ९ पराभव होते, तर सेंट लुईस रॅम्सचे ७ विजय व ८ पराभव. २ जानेवारी २०११ च्या रात्री या दोघांतच गटविजेतेपदाचा फैसला झाला. सिॲटलचा मुख्य क्वार्टरबॅक मॅट हॅसलबेक जखमी असल्याने राखीव चार्ली व्हाइटहर्स्ट मैदानात उतरला. सिॲटलने १६-६ अशी बाजी मारली आणि ७ विजय, ९ पराभव अशा हिशेबावर गटाचा मुकुट डोक्यावर चढवला.

नुसते आकडे पाहून या संघाची खरी अवस्था कळत नाही. त्याचे नऊच्या नऊ पराभव १५ किंवा त्याहून अधिक गुणांच्या फरकाने झाले होते. ओकलंड रेडर्सने ३३-३ असे धुतले, न्यूयॉर्क जायंट्सने सिॲटलमध्ये येऊन ४१-७ अशी दाणादाण उडवली, टॅम्पा बेने ३८-१५ असे लोळवले. संपूर्ण हंगामात सिॲटलने ३१० गुण मिळवले आणि ४०७ दिले, म्हणजे तब्बल ९७ गुणांची तूट. क्रिकेटमधील नेट रनरेटप्रमाणे येथे हा गुणफरक संघाची ताकद बऱ्याच प्रमाणात सांगून जातो. निसटता पराभव दुर्दैवाच्या खात्यावर टाकता येतो. नऊ वेळा पुरते चिरडले जाणे मात्र दुर्दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आता घरी कोण बसले ते पाहा. त्याच विभागात जायंट्स आणि टॅम्पा बे या दोघांनीही १० विजय व ६ पराभव अशी कामगिरी केली होती. दोघेही बाद फेरीबाहेर राहिले. सिॲटलची जागा नसती तर त्यांपैकी एकाला ती मिळाली असती. या दोघांनीच त्या हंगामात सिॲटलची लक्तरे काढली होती, हे वर आलेच आहे. ज्यांनी धूळ चारली ते दूरचित्रवाणीसमोर आणि ज्याने ती खाल्ली तो यजमान, असा हा न्याय!

पुढे घडले ते सर्वश्रुत आहे. ८ जानेवारी २०११ रोजी सिॲटलने ११ सामने जिंकून आलेल्या गतविजेत्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सला ४१-३६ असे गारद केले. हॅसलबेकने परतून चार टचडाउन पास फेकले आणि मार्शॉन लिंचने एकापाठोपाठ एक बचावपटू झुगारत ६७ यार्डांची धाव घेतली. प्रेक्षकांच्या जल्लोषाची कंपने जवळच्या भूकंपमापकावर नोंदली गेली. सिॲटलला दुबळा म्हणणाऱ्यांचे तोंड त्या रात्री बंद झाले, असे त्याचे चाहते आजही सांगतात. मात्र पुढच्याच आठवड्यात शिकागो बेअर्सने त्याच संघावर २८-० अशी आघाडी घेतली होती, हे सांगायला ते विसरतात. शेवटी धावफलक ३५-२४ असा थोडा सुसह्य झाला, इतकेच.

विजय-पराभवांचा फसवा हिशेब

केवळ विजय-पराभव मोजले तर काय गफलत होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २००८ चा सॅन दिएगो चार्जर्स. ८ विजय, ८ पराभव अशा स्थितीत हा संघ गटविजेता ठरला, तर ११ सामने जिंकलेला न्यू इंग्लंड पेट्रियट्स बाहेर राहिला. तेव्हाही अन्यायाची ओरड झाली. पण चार्जर्सचा गुणफरक अधिक ९२ होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याने याच पेट्रियट्सला ३०-१० असे हरवले होते. अखेरचे चारही सामने जिंकून तो बाद फेरीत आला आणि तेथे १२ विजय मिळवलेल्या इंडियानापोलिस कोल्ट्सला जादा वेळेत २३-१७ असे नमवले. हा संघ दुबळा नव्हता, त्याला सूर उशिरा सापडला होता. सिॲटल आणि चार्जर्स यांना एकाच पंक्तीत बसवणारी यादी म्हणूनच बाजूला ठेवावी.

२०१४ च्या कॅरोलिनाचे प्रकरण या दोहोंच्या मधले. सलग सात सामन्यांत एकही विजय नाही, त्यांत एक बरोबरी आणि सहा पराभव. ३ विजय, ८ पराभव, १ बरोबरी अशा गाळातून कॅम न्यूटनचा हा संघ उरलेले चारही सामने जिंकून वर आला. गटविजेतेपदाच्या निर्णायक लढतीत त्याने अटलांटाला त्यांच्याच मैदानावर ३४-३ असे चेचले. ७ विजय, ८ पराभव, १ बरोबरी हा हिशेब लाजिरवाणा खरा, पण डिसेंबरमधला संघ आणि नोव्हेंबरमधला संघ एक नव्हता. बाद फेरीतील विजयाचे मात्र फार कौतुक करू नये. ११ सामने जिंकून आलेल्या ॲरिझोनाचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी होते आणि तिसऱ्या क्रमांकाचा रायन लिंडली खेळत होता. ॲरिझोनाला अवघ्या ७८ यार्डांची मजल मारता आली आणि कॅरोलिनाने २७-१६ असा विजय मिळवला. बाहेर राहिलेल्या, १० विजय मिळवलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सने नोव्हेंबरमध्ये याच कॅरोलिनाची ४५-२१ अशी धुलाई केली होती.

त्या कॅरोलिनाचे प्रशिक्षक रॉन रिव्हेरा सहा वर्षांनी वॉशिंग्टनचे प्रशिक्षक म्हणून पुन्हा याच यादीत आले! २०२० मध्ये जुने नाव टाकून नुसत्या 'वॉशिंग्टन फुटबॉल टीम' या नावाने खेळणारा हा संघ ७ विजय, ९ पराभवांसह गटविजेता झाला. रिव्हेरा त्या हंगामात कर्करोगावर उपचार घेत होते. क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ २०१८ मध्ये पाय मोडल्यावर १७ शस्त्रक्रियांनंतर परतला होता. निर्णायक सामन्यात प्रतिस्पर्धी ईगल्सने आपला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला अखेरच्या सत्रात बाहेर काढून राखीव खेळाडू उतरवला आणि वॉशिंग्टन २०-१४ असे जिंकले. ६ विजयांवर अडकलेल्या जायंट्सना ईगल्स जिंकले असते तर गटविजेतेपद मिळाले असते, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये संतापाची लाट उसळली. तरीही वॉशिंग्टनचा गुणफरक अधिक ६ होता आणि पुढे विजेत्या ठरलेल्या टॅम्पा बेशी त्याने ३१-२३ अशी झुंज दिली. पाच जणांतला हा सर्वांत कमी दुबळा म्हणावा लागेल.

२०२२ च्या टॅम्पा बेबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ८ विजय, ९ पराभव, वजा ४५ गुणफरक आणि घरच्या मैदानावर डॅलस काउबॉइजकडून १४-३१ असा सपशेल पराभव. टॉम ब्रेडीच्या कारकिर्दीतील तो अखेरचा सामना ठरला, एवढीच त्याची नोंद.

यादीबाहेरचे दावेदार

१९८२ मध्ये खेळाडूंच्या ५७ दिवसांच्या संपामुळे हंगाम नऊ सामन्यांवर आला आणि १६ संघांना बाद फेरीत घेण्यात आले. क्लीव्हलँड ब्राउन्स आणि डेट्रॉइट लायन्स ४ विजय, ५ पराभवांसह आत शिरले आणि अनुक्रमे १०-२७ व ७-३१ असे हरून बाहेर पडले. ती तडजोडीची व्यवस्था होती, तिचा दोष या संघांवर टाकणे बरोबर नाही.

खरे दावेदार निम्मे सामने जिंकणारे आहेत. २००४ चा सेंट लुईस रॅम्स ८ विजय, ८ पराभव आणि वजा ७३ गुणफरक घेऊन आला, तोही गटविजेता म्हणून नव्हे, तर वाइल्ड कार्डवर. त्याने सिॲटलला त्या हंगामात तिसऱ्यांदा हरवले आणि मग अटलांटाने त्याला ४७-१७ असे उडवले. अटलांटाने त्या सामन्यात केवळ धावत ३२७ यार्ड वसूल केले. दुसरा दावेदार २०११ चा डेन्व्हर ब्राँकोज. क्वार्टरबॅक टिम टीबोचे निम्म्याहून अधिक पास वाया जात, पण अखेरच्या मिनिटांत तो सामने खेचून आणी. अखेरचे तिन्ही सामने गमावूनही डेन्व्हर गटविजेता झाला, कारण आणखी दोन संघांचेही ८ विजय, ८ पराभव झाले होते. गुणफरक वजा ८१. मग १२ विजयांच्या पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेतील पहिल्याच चालीत टीबोने डेमॅरियस थॉमसला पास दिला, थॉमसने ८० यार्डांचे अंतर कापून टचडाउन केले आणि डेन्व्हर २९-२३ असे जिंकले. पुढच्या फेरीत पेट्रियट्सने ४५-१० असा त्यांचा खुर्दा केला.

गुणफरकही अंतिम शब्द नव्हे, हे मान्य केले पाहिजे. त्याच २०११ च्या हंगामात जायंट्स ९ विजय, ७ पराभव आणि वजा ६ गुणफरकासह आले आणि थेट सुपर बाउल जिंकून गेले. पण वजा ६ आणि वजा ९७ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कमी विजय, सर्वांत मोठी तूट, प्रत्येक पराभव दारुण आणि हक्काची जागा हुकलेल्यांकडूनच झालेली धूळधाण, या चारही कसोट्यांवर २०१० च्या सिॲटलच्या जवळपास कोणी येत नाही. लिंचची ती धाव कितीही थरारक असली, तरी एका सायंकाळच्या पराक्रमाने सोळा सामन्यांचा हिशेब पुसला जात नाही. सर्वांत दुबळा संघ तोच.

मग नियम बदलावा काय? गटविजेत्याची जागा राखून ठेवण्याच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे. ३२ संघ १७ सामन्यांत एकमेकांशी खेळू शकत नाहीत. गटातील प्रत्येकाशी मात्र दोनदा गाठ पडते, त्यामुळे खरी तुलना गटातच होते. यजमानपदाचा हक्क मात्र समर्थनीय वाटत नाही. २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज १४ सामने जिंकूनही गटात दुसरा राहिला आणि १० विजयांच्या लॉस एंजलिस रॅम्सचा पाहुणा म्हणून खेळून हरला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, डेट्रॉइट लायन्सने प्रस्ताव मांडला की, गटविजेत्याला प्रवेश द्यावा, पण क्रमवारी विजयांवर ठरवावी. पुरेसा पाठिंबा न दिसल्याने मे महिन्यात तो मागे घेण्यात आला. त्यानंतरच्याच हंगामात कॅरोलिना, टॅम्पा बे आणि अटलांटा हे तिघेही ८ विजय, ९ पराभवांवर थांबले. अखेरचा सामना १४-१६ असा गमावूनही कॅरोलिना सरस ठरला आणि जानेवारी २०२६ मध्ये १२ विजयांच्या रॅम्सला कॅरोलिनाच्या दारी जावे लागले. रॅम्सने तो सामना अखेरच्या मिनिटातील टचडाउनवर ३४-३१ असा जिंकला.