शिवापूरचा आंबा आणि रस्त्यावरचा डोळा

मंडळी, आमचं वरवे बुद्रुक पुणे-सातारा महामार्गावर, खेड शिवापूरच्या पंचक्रोशीत. शिवापूरच्या आमराईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेलच. दादोजी कोंडदेवांनी न विचारता एक आंबा तोडला आणि स्वतःलाच शिक्षा म्हणून पुढे अंगरख्याची एक बाही आखूड ठेवली. आख्यायिकाच ती, पुरावा मागू नये. पण गंमत बघा, बागेत पाहणारं कुणीच नव्हतं!

आता त्याच मुलखातल्या महामार्गावर कॅमेऱ्यांची भाषा चालते. म्हणून या डोळ्याचा इतिहास जरा चाळला, तर लक्षात आलं की तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी आला.

वेग मोजणारं यंत्र प्रसिद्ध केलं मॉस गॅटसोनाइड्स या डच रॅलीपटूने. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारा हा गडी. आपण वळणं किती वेगाने घेतो ते कळावं आणि आणखी जोरात घेता यावीत, म्हणून त्याने ही खटपट केली. १९५८ मध्ये कंपनी काढली आणि गिऱ्हाईक झाले पोलीस!

पुण्याचंही तसंच. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर. त्यानंतर शहरभर कॅमेरे बसले ते घातपात्यांसाठी. पुढे त्यांच्याच चित्रांवरून विनाहेल्मेट दुचाकीवाल्यांना चलनं जाऊ लागली.

जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र खास वाहतुकीसाठी यंत्रणा सुरू झाली. ती सरासरी वेगही मोजते. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले की वेग झाला ताशी १२०. मग कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. हुशार युक्ती आहे, कबूल.

पण याच रस्त्यावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती आणि २०१९ मध्ये ९२. म्हणजे ही यंत्रणा येण्याआधीच आकडा उतरला होता. २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस मिळून अपघाताच्या जागी जाऊन छाननी करत होते. इथे कठडा हवा, तिथे खांब नको, कडेला उभे ट्रक हलवा... असली बिनचमकदार कामं. पोलिसांची कारवाई होतीच, पण पहिला प्रश्न असायचा, माणूस मेला का?

आमच्या रस्त्याला हेच हवंय. २० नोव्हेंबर २०२२ ला कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे, नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना ठोकलं. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं. आता सांगा, कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, पण बंद इंजिन कसं दिसणार? आणि चलन घरी पोचेपर्यंत ट्रक खाली पोचलेला असतो.

कॅमेरे नकोत असं नाही. जरूर लावा. पण त्यांतलं चित्रण दंडासाठी जितक्या तत्परतेने पाहिलं जातं, तितक्याच तत्परतेने अपघाताचं कारण शोधायलाही पाहिलं जावं. महामार्ग ओलांडून शेतावर आणि शाळेत जाणारी माणसं रस्त्याकाठच्या गावागावांत आहेत. त्यांना चलनाची पावती नको, सुखरूप पलीकडे पोचायचंय.

तुमच्या गावाकडच्या रस्त्यांचा अनुभव काय? जरूर कळवा.