तट पडला, पण वेस पडली का? व्हिएन्नाच्या मध्यवस्तीचा इतिहास

गावात कोणी राहायचे आणि गावकुसाबाहेर कोणी राहायचे, हा प्रश्न आपल्या समाजाला कोणी शिकवावा लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो अंगावर झेलला आहे. पण हा प्रश्न फक्त भारतीय खेड्याचा आहे आणि युरोपातली शहरे म्हणजे पहिल्यापासून समतेची माहेरघरे, असा एक गैरसमज आपल्या शिकलेल्या तरुणांत आढळतो. परदेशी शिकायला गेलेली आपली मुले तिथल्या चौकांचे फोटो पाठवतात. फोटो सुंदर असतात, पण त्या चौकातल्या दगडांना इतिहास असतो आणि तो पर्यटकांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही ऑस्ट्रियाच्या राजधानीच्या, व्हिएन्नाच्या, अगदी मध्यभागाचा इतिहास मांडत आहोत.

व्हिएन्नात आज 23 प्रभाग आहेत. त्यातला पहिला 'इन्नेरे श्टाट', म्हणजेच आतले शहर. क्षेत्रफळ जेमतेम 3 चौरस किलोमीटर. रोमन सैन्याच्या विंदोबोना या तळावर वाढलेली ही वस्ती. सम्राटाचा हॉफबुर्ग राजवाडा, सेंट स्टीफनचे कॅथेड्रल, संसद, विद्यापीठ, ऑपेरा सगळे इथेच. 2001 साली युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. 1850 पर्यंत व्हिएन्ना शहर म्हणजे एवढेच होते. भोवती जाडजूड तट आणि तटाबाहेर मोकळे मैदान. तोफेच्या माऱ्यात अडथळा नको म्हणून त्या मैदानावर घर बांधायला बंदी होती. मैदानाच्या पलीकडे विणकर, कारागीर, मजूर यांची उपनगरे. आत राजा, धर्मगुरू, सरदार आणि सावकार. बाहेर श्रम करणारे. अशी ही रचना.

पण तटाच्या आत राहणारे सगळे सारखे होते का? नाही. आतल्या आत आणखी एक वेस होती. आज ज्याला 'युडेनप्लाट्झ', म्हणजे ज्यूंचा चौक, म्हणतात, त्याच्या आसपास मध्ययुगात ज्यू वस्ती होती. तिथे सिनेगॉग होते, शाळा होती. राजाला कर्ज हवे असेल तोपर्यंत राजा त्यांना संरक्षण देई. 1420 साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने हे संरक्षण काढून घेतले आणि ज्यूंची धरपकड सुरू केली. गरीब ज्यूंना होड्यांत घालून डॅन्यूब नदीत सोडून दिले. श्रीमंतांना कोंडून, छळ करून त्यांची संपत्ती काढून घेतली. 12 मार्च 1421 रोजी उरलेल्या दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांना शहराबाहेर एर्डबर्ग येथे जिवंत जाळले. सिनेगॉग पाडले आणि त्याचे दगड विद्यापीठाच्या बांधकामासाठी नेले. ज्यांचे प्रार्थनास्थळ पाडले, त्यांच्याच दगडांवर ज्ञानमंदिर उभे राहिले! आणि त्या ज्ञानमंदिरात पुढची कित्येक शतके ज्यूंना मोकळा प्रवेश नव्हता.

याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. त्या चौकातल्या एका घराच्या दर्शनी भिंतीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक शिल्प बसवले गेले. जॉर्डन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो आहे, असे ते चित्र. त्याखाली लॅटिन भाषेत लेख आहे. त्याचा आशय असा की, जॉर्डनच्या पाण्याने जशी पापे धुतली जातात, तसे 1421 च्या आगीने हे शहर ज्यूंच्या पापापासून शुद्ध झाले. लेखात ज्यूंना कुत्रे म्हटले आहे. वाचकहो, 'शुद्ध' हा शब्द नीट लक्षात ठेवा. महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले होते. माणसाला विटाळ मानले की त्याला हाकलणे, त्याला जाळणे हे पाप राहत नाही, ते पुण्यकर्म ठरते. प्रत्येक ठिकाणचा धर्ममार्तंड आपापल्या भाषेत हाच शब्द वापरतो.

पुढे ज्यू हळूहळू परत आले. 1624 साली सम्राट फर्डिनांड दुसरा याने त्यांना शहरातून उठवून डॅन्यूबच्या फाट्यापलीकडे वेगळ्या वस्तीत, घेट्टोत, बसवले. दिवसा शहरात येऊन व्यवहार करायचा आणि राहायला मात्र नदीपलीकडे जायचे. 1670 साली सम्राट लिओपोल्ड पहिला याने तीही वस्ती मोडली, तिथल्या सिनेगॉगच्या जागी चर्च उभारले आणि भागाला सम्राटाच्या नावावरून 'लिओपोल्डश्टाट' हे नाव पडले. पण पुढे तुर्कांशी युद्ध सुरू झाले, खजिन्यात पैसा नव्हता. मग सॅम्युएल ओपेनहायमर या ज्यू सावकाराला शहरात राहण्याची खास परवानगी मिळाली. त्याने 1683 च्या वेढ्यापासून पुढे साम्राज्याच्या सैन्याला दारूगोळा आणि धान्य पुरवले. 1700 साली जमावाने त्याचे घर लुटले. 1703 साली तो मेला, तेव्हा सरकारने त्याचे प्रचंड कर्ज बुडवले आणि त्याच्या पेढीचे दिवाळे जाहीर केले. पैसा चालतो, माणूस चालत नाही, ही नीती आपल्याला ओळखीची वाटत नाही का?

1782 साली सम्राट जोसेफ दुसरा याने सहिष्णुतेचा हुकूम काढला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे कौतुक असते आणि काही अंशी ते योग्यही आहे. शाळा आणि धंदे ज्यूंना खुले झाले. पण सहिष्णुता म्हणजे समता नव्हे. सहन करणारा वर बसलेला असतो आणि ज्याला सहन केले जाते तो खाली. याचा दगडी पुरावा आजही त्या पहिल्या प्रभागात उभा आहे. 1826 साली झाइटेनश्टेटन गल्लीत शहराचे सिनेगॉग बांधले गेले. पण रस्त्याला दर्शनी तोंड फक्त कॅथलिक चर्चचेच असावे असा नियम होता. म्हणून वास्तुशिल्पी योसेफ कोर्नहॉयझेल याने ते राहत्या घरांच्या मागे लपवले. रस्त्यावरून पाहिले तर साधी चाळीसारखी इमारत, आत गेले तर देखणा लंबवर्तुळाकार सभागृह. देव आहे, पण त्याने रस्त्यावर दिसायचे नाही!

1848 साली युरोपभर क्रांतीची लाट आली. 13 मार्चला व्हिएन्नातल्या हेरेनगासे या रस्त्यावर विद्यार्थी आणि नागरिक जमले. तिथे पहिले गाजलेले भाषण आडोल्फ फिशहोफ या तरुण ज्यू डॉक्टरने केले. सैन्याने गोळीबार केला. मेलेल्यांत ज्यू विद्यार्थी होता, ख्रिस्ती कामगार होते. त्यांना एकाच ठिकाणी पुरले आणि अंत्यविधीला रब्बी आणि पाद्री शेजारी उभे राहिले. मात्र त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. उपनगरातले कामगार आत येऊ नयेत म्हणून शहराचे दरवाजे बंद करण्यात आले. खवळलेल्या कामगारांनी बाहेर जकातनाक्यांना आणि कारखान्यांना आगी लावल्या. स्वातंत्र्याची भाषणे तटाच्या आत आणि भुकेचा संताप तटाच्या बाहेर. दोन्ही एकत्र आले नाहीत आणि वर्ष संपण्याआधी क्रांती चिरडली गेली.

डिसेंबर 1857 मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने तट पाडण्याचा हुकूम दिला. तटाच्या आणि मैदानाच्या जागी 'रिंगश्ट्रासे' हा भव्य रस्ता आखला गेला आणि 1 मे 1865 रोजी तो खुला झाला. त्याच्या कडेने ऑपेरा, संसद, महापालिका, विद्यापीठ, नाट्यगृह उभे राहिले. मैदानाची जमीन विकून पैसा उभा केला. रस्ता रुंद ठेवला आणि जवळच मोठ्या लष्करी बराकी बांधल्या, कारण 1848 ची धास्ती राज्यकर्त्यांच्या मनात होती.

या वैभवाच्या विटा कोणी भाजल्या? शहराच्या दक्षिणेला वीनरबर्ग येथे प्रचंड वीटभट्ट्या होत्या. तिथे बोहेमिया-मोराविया भागातून आलेले गरीब चेक मजूर बायकामुलांसह राबत. 1888 साली डॉ. व्हिक्टर आडलर हा समाजवादी नेता गुपचूप त्या भट्ट्यांवर गेला आणि त्याने तिथली स्थिती आपल्या पत्रातून जगापुढे मांडली. मजुरी नाण्यांत मिळत नसे, पत्र्याच्या बिल्ल्यांत मिळे. ते बिल्ले कारखान्याच्या दुकानातच चालत आणि तिथे माल महाग. एकेका खोलीत अनेक कुटुंबे दाटीवाटीने झोपत. हे छापल्याबद्दल खटला भट्टीमालकावर भरला गेला नाही, आडलरवर भरला गेला. आपल्याकडच्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन अडकलेल्या मजुरांना हे बिल्ले वेगळे समजावून सांगायची गरज नाही. रिंगश्ट्रासेवर फिरणाऱ्या पर्यटकाला वास्तुशिल्पींची नावे सांगतात, वीट भाजणाऱ्याचे नाव कोणी सांगत नाही.

1867 च्या राज्यघटनेने ज्यूंना कायद्याने समान नागरिक केले. एफ्रुसी, टोडेस्को, एपश्टाइन या ज्यू घराण्यांनी त्या नव्या रस्त्यावर वाडे बांधले. अनेकांना वाटले, आता सुटका झाली. आम्ही आतल्या शहराच्या मधोमध राहतो, आम्हाला कोण हात लावणार? पण 1897 ते 1910 या काळात त्याच शहराचा महापौर होता कार्ल ल्युगर. त्याने पाणीपुरवठा, गॅस, ट्राम यांच्या चांगल्या योजना केल्या आणि त्याच वेळी ज्यूद्वेषावर मते मिळवली. विकास आणि द्वेष एकाच भाषणात विकता येतात, हे त्याने दाखवून दिले. तरुणपणी व्हिएन्नात राहिलेल्या हिटलरने पुढे आपल्या आत्मचरित्रात ल्युगरची स्तुती केली आहे. ज्या रस्त्यावर विद्यापीठ आहे, त्याला 2012 पर्यंत ल्युगरचेच नाव होते!

मार्च 1938 मध्ये नाझी सैन्य ऑस्ट्रियात आले. 15 मार्चला हॉफबुर्गच्या सज्जातून हिटलर बोलला आणि समोरच्या हेल्डेनप्लाट्झ मैदानावर लाखोंच्या जमावाने जयजयकार केला. त्या दिवसांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक असलेल्या ज्यूंना घरातून ओढून रस्त्यावर गुडघे टेकायला लावले आणि ब्रशने फरसबंदी घासायला लावली. भोवती हसत उभे होते ते शेजारीच. त्यांना बर्लिनहून आणावे लागले नव्हते. एफ्रुसींचा वाडा नाझींनी बळकावला. नोव्हेंबर 1938 मध्ये शहरातली सिनेगॉग जाळली गेली. झाइटेनश्टेटन गल्लीतले ते लपवलेले सिनेगॉग मात्र आतून उद्ध्वस्त केले, पण जाळले नाही, कारण शेजारची घरे पेटली असती. अपमान म्हणून ज्या भिंतींमागे लपवले, त्याच भिंतींमुळे ते वाचले. माणसे मात्र वाचली नाहीत. ऑस्ट्रियातल्या 65 हजारांहून अधिक ज्यूंची हत्या झाली.

इथे काही जण आम्हाला विचारतील, ज्यू आणि अस्पृश्य यांची तुलना कशी करता? प्रश्न योग्य आहे. दोन्ही एक नाहीत. 1421 साली बाप्तिस्मा घेणारा ज्यू वाचू शकत होता. तो दरवाजा नाझींनी वंशाच्या नावाने बंद केला. आपल्या पूर्वजांना तर त्याच धर्मात राहूनही दरवाजा नव्हता. आणखी एक फरक म्हणजे ते धर्मांतर तलवारीखालचे होते, नागपूरचे 1956 चे धर्मांतर स्वाभिमानाचे होते. या दोन गोष्टींची गल्लत कोणी करू नये. पण बाबासाहेबांनी भारतातल्या अस्पृश्य वस्तीसाठी 'घेट्टो' हाच शब्द वापरला, तो उगाच नव्हे. वेगळे राहायला लावणे, विटाळ ठरवणे आणि त्याला धर्माचा आधार देणे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियाने काय केले? आपण हिटलरचे पहिले बळी आहोत, असे म्हणत हात झटकले. 1991 साली चान्सलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन लोकांचा गुन्ह्यातला वाटा मान्य केला. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्याआधी 1988 साली पहिल्या प्रभागातच आल्बर्टिना चौकात आल्फ्रेड ह्रडलिचका या शिल्पकाराचे स्मारक उभे राहिले. त्यात गुडघे टेकून रस्ता घासणारा एक म्हातारा ज्यू ब्राँझमध्ये घडवला होता. पर्यटक दमले की त्याच्या पाठीवर बसू लागले! शेवटी त्यावर काटेरी तार बसवावी लागली. हेतू चांगला असेल, पण अनेक ज्यूंनी विचारले, आम्हाला कायमचे गुडघ्यावरच दाखवणार का?

त्याचे उत्तर 2000 साली युडेनप्लाट्झवर मिळाले. छळछावणीतून वाचलेल्या सायमन वीझेनथाल यांच्या पुढाकाराने रेचल व्हाइटरीड या शिल्पकार स्त्रीने तिथे काँक्रीटचे एक ग्रंथालय उभारले. पुस्तकांच्या कडा बाहेर, नावे आत. दाराला मूठ नाही. जी माणसे मारली गेली, त्यांची न वाचलेली पुस्तके. खाली जमिनीत 1421 साली पाडलेल्या सिनेगॉगचा पाया सापडला, तोही जपून ठेवला आहे. समोरच्या भिंतीवर तो 'शुद्धीचा' लेख अजून आहे. तो काढला नाही, पण 1998 साली चर्चने चौकात फलक लावून ज्यूद्वेषातला ख्रिस्ती धर्मशिकवणीचा दोष कबूल केला. ल्युगरचा पुतळा मात्र आजही वादात आहे. 2020 साली त्यावर 'लाज' हा शब्द रंगवला गेला आणि 2023 साली महापालिकेने पुतळा थोडा कलता करण्याची कल्पना निवडली. लाज वाटते, पण खाली उतरवायचे धाडस होत नाही.

मित्रांनो, बाबासाहेबांचा पुतळा गुडघ्यावर का नसतो, हे आता वेगळे सांगायला नको. एक हात वर, दुसऱ्या हातात ग्रंथ. आपल्या माणसांनी पै-पै जमवून गावोगावी तो उभा केला, तेव्हा स्मारकशास्त्राची पुस्तके कोणी वाचली नव्हती. पण व्हिएन्नाला जे 2000 साली समजले, ते त्यांना आधीच समजले होते: पीडिताची आठवण त्याच्या अपमानाने नव्हे, त्याच्या ग्रंथाने ठेवायची असते.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. व्हिएन्नाचा तट 1857 च्या हुकुमाने पडला. कायद्याची समता 1867 साली आली. वाडेही उभे राहिले. तरी 71 वर्षांनी त्या वाड्यांतली माणसे रस्ता घासत होती. मध्यवस्तीत फ्लॅट मिळाला, नोकरी मिळाली, आडनाव बदलले, म्हणजे वेस संपली असे मानणाऱ्या आपल्या बांधवांनी हा इतिहास वाचावा. सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकत नाही, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. तेव्हा व्हिएन्नातल्या त्या घटनेला जेमतेम अकरा वर्षे झाली होती. दगडाचा तट हुकुमाने पडतो. मनातली वेस संघटित लढ्यानेच पाडावी लागते, आणि ते काम आपले आहे.

जय भीम!