साठवण सर्व्हर, अल्पशक्ती प्रोसेसरचे

ज्या सर्व्हरचे मुख्य काम हार्ड डिस्कवरची माहिती सांभाळून मागताक्षणी पुरवणे हे असते, त्यात प्रचलित एक्स८६ प्रोसेसरऐवजी एआरएमसारखा कमी वीज घेणारा प्रोसेसर बसवण्याची पद्धत.

फिरत्या डिस्कला हवा तो तुकडा गाठायला साधारण ८ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत प्रोसेसर लक्षावधी आज्ञा पार पाडू शकतो. म्हणजे साठवणीत मोठ्या प्रोसेसरचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. १०० वॉटच्या जागी १० वॉटचा प्रोसेसर सतत चालला, तर एका सर्व्हरमागे वर्षाला सुमारे ७८८ युनिट वाचतात. थंडाव्याची वीज निराळी. मात्र इरेजर कोडिंग (काही तुकडे गमावले तरी माहिती पुन्हा उभी करता यावी म्हणून जादा सांकेतिक तुकडे गणून ठेवणे) व कूटबद्धीकरण ही कामे गणनाप्रधान आहेत. माहितीच्या तीन प्रती ठेवणाऱ्या रचनेला छोटा प्रोसेसर पुरतो, इरेजर कोडिंगला पुरेलच असे नाही. प्रत्यक्ष बचतीबाबत मतभेद आहेत.

बायडू या चिनी कंपनीने २०१३ मध्ये मार्व्हेल कंपनीचे चार गाभ्यांचे (कोर) एआरएम प्रोसेसर आपल्या क्लाउड साठवणीत वापरले. त्याच वर्षाअखेर सर्व्हरसाठी एआरएम प्रोसेसर बनवणारी कॅल्झेडा ही कंपनी बंद पडली. तिचे प्रोसेसर ३२ बिटी होते आणि पहिल्या पिढीतील ४ जीबी स्मृतीची मर्यादा सर्व्हरला जाचक होती. सर्वांत बोलका प्रयोग वेस्टर्न डिजिटलचा (२०१६). ८ टीबीच्या प्रत्येक डिस्कवरच दोन गाभ्यांचा कॉर्टेक्स-ए९ हा एआरएम प्रोसेसर व १ जीबी स्मृती बसवून अशा ५०४ डिस्कवर सेफ ही साठवण प्रणाली चालवली; एकूण क्षमता सुमारे ४ पीबी. यात डिस्क हाच सर्व्हर झाल्याने एक प्रोसेसर बिघडला तरी एकच डिस्क जाते, हा गुण विजेच्या बचतीइतकाच मोलाचा मानावा लागेल. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये ग्रॅव्हिटन हा स्वतःचा एआरएम प्रोसेसर आणला, तर २०२१ मध्ये ग्रॅव्हिटन२ वरची साठवणप्रधान यंत्रे दिली.

महाराष्ट्र : अनेक छोटे प्रोसेसर जोडण्याची परंपरा पुण्याच्या सी-डॅक या संगणन संशोधन संस्थेत जुनी आहे. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेला परम ८००० हा महासंगणक इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरांवर उभा होता; तो अर्थात गणनेसाठी होता. सी-डॅकचा ९६ गाभ्यांचा ‘औम’ प्रोसेसर एआरएमवर आधारित असला, तरी तो महासंगणकासाठी असल्याने अल्पशक्ती वर्गात बसत नाही.

बुलढाणा : घाटाखालच्या मलकापूर, खामगाव, शेगाव भागात उन्हाळी तापमान ४० अंशांवर जात असल्याने तेथे सर्व्हरच्या थंडाव्याचा खर्च घाटावरच्या बुलढाणा शहरापेक्षा जास्त; म्हणून कमी वीज घेणाऱ्या प्रोसेसरचा लाभही तेथे अधिक.