शौचकूपाच्या नळातील गळती व तिचे निवारण : इतिहास

शौचकूपाच्या प्रक्षालन टाकीस पाणी पुरविणारा नळ, त्यावरील तोटी, जोडसांधे आणि टाकीतील बॉलकॉक यांमधून होणारा अल्प परंतु अखंड जलस्राव व तो थांबविण्याचे उपाय. घरातील ही गळती सामान्यतः किरकोळ दुरुस्तीची बाब मानली जाते. तथापि एकोणिसाव्या शतकात ग्रेट ब्रिटनमधील शहरांना चोवीस तास पाणी द्यावे की काही तासच द्यावे, हा प्रश्न बव्हंशी या गळतीभोवतीच फिरत होता. दर मिनिटास १०० मिलि. पाणी गळणाऱ्या सांध्यातून दिवसाकाठी १४४ लि. पाणी वाया जाते. भारतात मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लि. पाणी हे प्रमाण सामान्यतः धरले जाते. म्हणजे असा एक सांधा एका माणसाच्या वाट्याहून अधिक पाणी नाहीसे करतो.

पूर्वपीठिका : पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे पहिले ब्रिटिश एकस्व अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये मिळविले. त्याने पात्राखालील नळीस बाक देऊन तीत पाणी अडवून धरण्याची योजना केली. त्यामुळे गटारातील दुर्गंधी घरात शिरेनाशी झाली. जोसेफ ब्रामा (१७४८–१८१४) याने १७७८ मध्ये कमिंगच्या सरकत्या झडपेऐवजी बिजागरीची झडप वापरून या रचनेत सुधारणा केली. ही साधने महाग असल्याने प्रथम धनिकांच्या घरांपुरतीच मर्यादित राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वस्त पात्रे उपलब्ध झाली. ती अनेक ठिकाणी टाकीविना, थेट रस्त्यावरील नळास जोडली जात. पात्र स्वच्छ राहावे म्हणून त्यांची तोटी कित्येकदा उघडीच बांधून ठेवली जाई व पाणी अहोरात्र वाहत राही.

त्या काळातील तोट्याही गळक्या असत. धातूच्या पोकळ कवचात धातूचाच भोकाचा खुंटा फिरवून पाणी चालू व बंद केले जाई. वापराने दोन्ही पृष्ठे झिजत आणि संपूर्ण तोटी बदलण्यावाचून गत्यंतर नसे. रॉदरम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये आट्यांनी खाली दाबल्या जाणाऱ्या तोटीचे एकस्व घेतले. या प्रकारच्या तोटीत झीज मुख्यतः बदलता येण्याजोग्या वायसरवर येते. आरंभी वायसर चामड्याचा असे, पुढे तो रबराचा झाला. यामुळे अल्प खर्चात गळती थांबविणे प्रथमच शक्य झाले.

खंडित पुरवठ्याचा वाद : लंडनमधील खाजगी जलकंपन्या आठवड्यातील ठराविक दिवशी काही तासच पाणी सोडीत. नागरिक ते पिंपांत व टाक्यांत साठवून ठेवीत. घरोघरच्या गळतीमुळे सतत पुरवठा केल्यास साठे पुरणार नाहीत, हा कंपन्यांचा मुख्य युक्तिवाद होता. टॉमस हॉक्सली (१८०७–९३) या अभियंत्याने नॉटिंगॅम येथे १८३० नंतरच्या दशकात सतत दाबाखालील पुरवठा सुरू करून याचे प्रात्यक्षिक उत्तर दिले. शहरांच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे साक्ष देताना, नळसाहित्य चांगले असल्यास सतत पुरवठ्याने अपव्यय वाढत नाही, असे त्याने प्रतिपादन केले.

खंडित पुरवठ्याचा खरा धोका मात्र पुढे रोगाच्या रूपाने प्रत्ययास आला. नळात दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर पडते. पुरवठा बंद होऊन नळ रिकामा होऊ लागला की, त्यात अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते आणि त्याच फटीतून बाहेरील घाण आत ओढली जाते. १८७३ मध्ये केंब्रिजच्या कीझ महाविद्यालयात आंत्रज्वराची साथ उद्भवली. रुग्ण प्रामुख्याने ट्री कोर्ट या नव्या वसतिगृहातील होते. सर जॉर्ज ब्यूकॅनन (१८३१–९५) यांनी केलेल्या चौकशीत असे दिसून आले की, या इमारतीचे शौचकूप थेट मुख्य नळास जोडलेले होते आणि पुरवठा मध्यंतरी बंद पडल्याने दूषित द्रव्ये पिण्याच्या पाण्यात ओढली गेली असावीत. शौचकूप व पिण्याचा नळ यांमध्ये स्वतंत्र टाकीचा अडसर असलाच पाहिजे, हे तत्त्व अशा घटनांतून दृढ झाले.

अपव्यय-निवारक टाकी : १८७१ च्या लंडन जलपुरवठा अधिनियमानुसार १८७२ मध्ये नियम करण्यात आले. शौचकूपास अपव्यय-निवारक टाकी सक्तीची झाली आणि एका वेळी २ गॅलनांहून (सु. ९ लि.) अधिक पाणी सोडण्यास मनाई करण्यात आली. याच नियमांतील दुसरी तरतूद अधिक मार्मिक होती. टाकीतील जादा पाणी गुपचूप गटारात नेणाऱ्या नळ्या काढून त्यांऐवजी सूचक नळी बसविणे आवश्यक ठरले. बॉलकॉक बिघडला की, या नळीतून पाणी सर्वांना दिसेल अशा जागी ठिबकू लागे. गळती लपून न राहिल्याने घरमालकास दुरुस्ती करणे भाग पडे.

टाकीची रचनाही याच हेतूने घडली. वक्रनलिका टाकीत साखळी ओढताच आतील पाण्याचा काही भाग वाकलेल्या नळीच्या माथ्यावरून ढकलला जातो आणि मागील पाणी आपोआप खेचले जाऊन टाकी रिकामी होते. टाकीच्या तळाशी झडपच नसल्यामुळे झडप झिजून पाणी पात्रात झिरपण्याचा प्रश्न येत नाही. अल्बर्ट गिब्लिन याने १८९८ मध्ये अशा झडपविरहित टाकीचे एकस्व घेतले. ब्रिटनमध्ये हा प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रचलित होता. भारतातील जुन्या इमारतींतील उंचावरच्या, साखळीच्या बिडाच्या टाक्या याच परंपरेतील होत.

लिव्हरपूलचा प्रयोग : गळती शोधण्याचे शास्त्र लिव्हरपूलमध्ये विकसित झाले. तेथील अभियंता जॉर्ज फ्रेडरिक डीकन (१८४३–१९०९) याने १८७३ मध्ये अपव्यय-मापक तयार केला. शंक्वाकार नळीत तारेने टांगलेली एक चकती असे व प्रवाह वाढला की ती खाली ढकलली जाई. तारेस जोडलेली पेन्सिल घड्याळाच्या यंत्रणेने फिरणाऱ्या कागदावर प्रवाहाचा आलेख काढी. दिवसा हा आलेख सतत वरखाली होई. मध्यरात्रीनंतर लोक झोपल्यावरही तो शून्याकडे न येता एकसारख्या रेषेत चालू राहिला, तर तेवढे पाणी गळत आहे असा अर्थ होई.

त्यानंतर निरीक्षक रात्री त्या विभागातून फिरत. प्रत्येक घराबाहेरील बंद-तोटीवर किल्ली टेकवून तिच्या दुसऱ्या टोकास कान लावीत. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू आल्यास तोटी बंद करीत. आवाज थांबला, तर गळती त्या घरात आहे हे निश्चित होई आणि दुसऱ्या दिवशी घराची तपासणी करून दुरुस्तीची सूचना दिली जाई. या पद्धतीने अपव्यय इतका घटला की, १८६५ च्या अवर्षणापासून खंडित पुरवठा सोसणाऱ्या लिव्हरपूलला उपलब्ध साठ्यातूनच सतत पुरवठा करणे शक्य झाले. रात्रीच्या किमान प्रवाहावरून गळती ओळखण्याचे तत्त्व आजही जगभर वापरले जाते.

विसावे शतक व नंतर : सदोष नळकामाचा धोका सतत पुरवठ्यानेही संपूर्णपणे नष्ट झाला नाही. १९३३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांतील जुन्या नळकामातून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले व अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. तीत सु. १,४०० रुग्ण व ९८ मृत्यू नोंदले गेले. पाणी उलट ओढले जाऊ नये म्हणून नळाचे तोंड व टाकीतील पाण्याची पातळी यांत हवेचे अंतर राखण्याच्या नियमास अशा घटनांमुळे बळकटी आली.

नळसाहित्यही बदलले. शिशाचे नळ व त्यांवरील डाखाचे सांधे मागे पडून तांबे, जस्तलेपित लोखंड व पुढे प्लॅस्टिक यांचा वापर रूढ झाला. भारतात लोखंडी आट्यांवर सफेदा लावून ताग किंवा सूत गुंडाळण्याची रीत होती. त्याची जागा पुढे टेफ्लॉन टेपने घेतली. आज अँगल कॉक व टाकी यांमधील लवचिक नळी गळू लागल्यास प्रथम नळ कोरडा पुसून नेमका सांधा शोधतात. मग कॉक बंद करून टाकी रिकामी करतात व वायसर बदलतात. अंगचा वायसर नसलेल्या आट्यांच्या सांध्यावर टेप आटे आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी लागते. चाकी प्रमाणाबाहेर आवळल्यास वायसर चेपतो किंवा प्लॅस्टिकचे आटे तुटतात व गळती वाढते.

ब्रिटनमध्ये २००१ पासून तळाशी झडप असलेल्या टाक्यांना परवानगी मिळाली. एका वेळचे पाणी ६ लिटरांपर्यंत घटले. परंतु झडपेतून पात्रात निःशब्द झिरपणाऱ्या पाण्याचा जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. टाकीत रंग टाकून तो पात्रात उतरतो का, हे पाहणे ही तिची सोपी परीक्षा होय.

महाराष्ट्रात मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. तथापि राज्यातील बहुतेक शहरांत पुरवठा अद्याप काही तासांचाच असतो. त्यामुळे रिकाम्या नळात घाण ओढली जाण्याचा धोका येथे कायम आहे. कराडजवळील मलकापूर या लहान शहराने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नवे नळ व मापक बसवून चोवीस तास पुरवठा सुरू केला. नॉटिंगॅम व लिव्हरपूल यांनी दाखविलेला मार्ग येथेही उपयोगी पडतो, हे त्यावरून दिसते. नवे जलाशय बांधण्याआधी घरातील सांधे घट्ट करणे हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.