ट्रॅक्टर ओढतो म्हणून किती भरायचं? ट्रॉलीच्या वजनाचा हिशोब आरसी बुकातच असतो

छत्रपती संभाजीनगर : उसाचा हंगाम सुरू झाला की विहामांडवा, धामोरी, चित्तेपिंपळगाव, कन्नड या भागातल्या रस्त्यांवर डबल ट्रॉल्यांची रांग लागते. उन्हाळ्यात त्याच ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडला जातो, मधल्या काळात मका, कांदा, मुरूम. काम कोणतंही असो, ट्रॉली भरताना बहुतेक ठिकाणी एकच माप चालतं, ते म्हणजे ‘मागच्या वेळी एवढं ओढलं होतं’. हे माप कायद्यात बसत नाही आणि उतारावर तर अजिबातच बसत नाही.

ट्रॉलीचं स्वतंत्र आरसी बुक असतं, तिचा नंबर ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो. त्या आरसीवर दोन आकडे बघायचे. एक रिकामं वजन, दुसरं भरलेलं एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं तेवढाच माल. समजा ट्रॉलीचं रिकामं वजन १,८०० किलो आणि एकूण वजन ७,००० किलो आहे, तर माल ५,२०० किलो, म्हणजे ५२ क्विंटल. फाळके उंच करून घेतले, जाड पत्रा मारला, पाटे वाढवले तर रिकामं वजन वाढतं, आरसीवरचा एकूण आकडा मात्र तोच राहतो. म्हणजे वर्कशॉपमध्ये पैसे घालून ट्रॉलीची क्षमता वाढत नाही, उलट तेवढा माल कमी भरावा लागतो. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही.

ज्यांच्याकडे आरसी चटकन सापडत नाही त्यांनी मोबाईलवर एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये बघावं. खरं वजन कळायला काट्याची पावती पुरते. कारखान्याच्या पावतीवर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ असे तिन्ही आकडे छापलेले असतात. हंगामातल्या पहिल्या खेपेची पावती आरसीशेजारी ठेवली की दोन मिनिटांत समजतं. अडचण अशी की तोडणी-वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो, त्यामुळे खेप कमी भरा असं सांगणं सोपं आणि करणं अवघड. पण दंडाचा आकडाही बघायला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९४ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. तीन टन जास्त निघाले तर २६,००० रुपये. माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. माल बाजूला, मागे किंवा वर मर्यादेबाहेर गेला तर त्यासाठी पुन्हा २०,००० रुपयांची तरतूद आहे, आणि वजन करायला थांबण्यास नकार दिला तर ४०,००० रुपयांची. कलमात ‘चालवणारा’ आणि ‘चालवायला लावणारा’ असे दोघेही येतात. तेव्हा ड्रायव्हरच्या नावावर ढकलून मालक मोकळा होत नाही.

आता मालाचं. डोळ्यानं अंदाज चुकतो तो इथंच. सुटा कापूस ट्रॉलीभर दिसतो पण वजनाला हलका असतो, त्यात धोका उंचीचा आणि कलण्याचा. वाळूचं उलटं आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, जवळपास २.८३ घनमीटर. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन भरते, तीच ओली असली तर पाच टनांच्या वर जाते. वर दिलेल्या उदाहरणातली ट्रॉली ओल्या वाळूच्या एका ब्रासमध्येच भरते, आणि वर फळीभर जागा रिकामी दिसते म्हणून लोक अजून टाकतात. पाण्याचा हिशोब सगळ्यात सोपा. एक लिटर म्हणजे एक किलो. ५,००० लिटरचा टँकर म्हणजे पाच टन पाणी आणि वर टाकीचं लोखंड. अर्धा भरलेला टँकर वजनाला हलका असला तरी वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि टँकर कलतो. आत आडवे पत्रे नसतील तर वेग आणखी कमी ठेवावा.

वजन कुठं ठेवलं यालाही महत्त्व आहे. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. माल सगळा मागे रचला तर दांडी वर उचलली जाते, मागची चाकं घसरतात. सगळा पुढे रचला तर हुकावर एवढा भार पडतो की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग ऐकत नाही. चढावर तोंड उचललं जातं ते यामुळंच. जड माल एक्सलच्या वर आणि थोडासा पुढे, एवढं पुरे. ट्रॉली किंवा साखळी टॉप लिंकला कधीही जोडू नये. चिखलात फसल्यावर लोक हेच करतात आणि ट्रॅक्टर मागे पालथा होतो, ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच.

सगळ्यात मोठा गैरसमज एचपीचा. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर हळूहळू बरंच ओढतो, पण ओढण्याची ताकद इंजिनाची आणि थांबवण्याची ताकद ब्रेकची. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. मागे दोन ट्रॉल्या मिळून पंधरा टन असतील तर उतारावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते. अशा वेळी वळणावर ब्रेक दाबला की मधल्या जोडात सगळं दुमडतं. वजन दुप्पट झालं तर थांबवायची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. म्हणून भरल्या ट्रॉलीला आधी वेग कमी करणं स्वस्त पडतं.

शेतात वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पॅडल पत्तीनं जोडून घ्यायचे. हे विसरलं आणि घाईत एकाच पॅडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागेवर आडवा होतो. उताराच्या तोंडाशीच खालचा गिअर टाकावा, मध्येच गिअर बदलू नये. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक आपल्या हातानं काढून टाकणं. कन्नडजवळच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी घालावी लागली ती उगाच नाही.

निघताना पिन आणि तिची कडी हातानं हलवून बघावी. झिजलेली पिन, तिच्या जागी घातलेला बोल्ट, सळईचा तुकडा, हे सगळं चालतंय तोवर चालतं. पिनीसोबत सुरक्षा साखळी हवी. उसाच्या वाढ्यांखाली मागचे दिवे झाकले जातात, म्हणून मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी अशा जागी लावावी जिथं माल लोंबत नाही. ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे, तोही दिसला पाहिजे. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकावेत. रात्री मोटारसायकलवाले त्याच दगडांवर जातात.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचा विमा आहे का, हे पॉलिसीवर बघून घ्यावं. ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत नसेल तर अपघातानंतर वाद ठरलेला. ट्रॅक्टर चालवण्याचं लायसन असलेल्यानं ट्रॉली जोडली म्हणून त्याचं लायसन बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं आहे. मात्र मालाच्या ट्रॉलीत किंवा मडगार्डवर माणसं बसवली तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते.

मालट्रकवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ट्रकच्या एक्सलची मर्यादा वाढवली, चार टायरच्या सिंगल एक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. तो आकडा ऐकून कुणी ट्रॉलीतही तेवढं भरू नये. ट्रॉलीला तिच्या आरसीवरचाच आकडा लागू.