सिअर्सच्या पेटीतली गिटार

1962 साली अमेरिकेत सिअर्स या विक्री कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ‘सिल्व्हरटोन 1448’ आली. इलेक्ट्रिक गिटार, आणि तिच्या पेटीतच बसवलेला अँप्लिफायर. सगळा संच सत्तर डॉलरच्या आत!

बनवणारे होते न्यू जर्सीतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीचे नेथन डॅनियल. लाकडी चौकटीवर मेसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंचे तक्ते, आणि तारांचा कंप टिपणारा पिकअप चक्क लिपस्टिकच्या धातूच्या नळीत. स्वस्ताईमागे असे डोके होते.

जुळवणी मात्र कसोटी पाहायची. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजवर सहाही तारांना मिळून एकच लाकडी पट्टी. बाराव्या पडद्यावर दाबलेली तार मोकळ्या तारेपेक्षा बरोबर एक सप्तक वर बोलली पाहिजे. त्यासाठी पट्टी तिरकी करायची, जाड तारेकडचे टोक जरा मागे. एक तार जुळली की दुसरी हटायची.

तरीही पुढे गिटारवादक जिमी पेजने लेड झेपेलिन या रॉक बँडच्या मैफलींत डॅनइलेक्ट्रो वाजवली.